कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि लॅपटॉप: नेमका कागद कुठे मिळतो आणि तो वाचायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या मित्राकडे यामाहा पीएसआर-आय४५५ कीबोर्ड आहे, सेकंडहँड घेतलेला रोलँड एसपीडी-२० ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ताल-पॅड) आहे आणि नवा विंडोज लॅपटॉप आहे. पॅडवर मारलं की कीबोर्डमधला ताल वाजावा आणि दोन्ही वाद्यं लॅपटॉपवर रेकॉर्ड व्हावीत, अशी त्यांची इच्छा. दुकानदाराने ‘मिडी केबल घ्या’ म्हणून सांगितलं. (मिडी म्हणजे कोणती पट्टी, किती जोरात, असे संदेश वाद्यांनी एकमेकांना पाठवायची ठरलेली पद्धत; त्यातून आवाज जात नाही.) केबल आणली तर ती कीबोर्डला लागतच नाही. पॅडबरोबर पुस्तिका आली नव्हती. व्हिडिओ खूप पाहिले, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. तर खरी माहिती कुठे शोधायची?

आधी केबलचं सांगून टाकतो. आय४५५ च्या मागे पाच पिनांचं गोल मिडी सॉकेट नाहीच. तिथे चौकोनी यूएसबी सॉकेट आहे, प्रिंटरला असतं तसं, आणि त्यावर ‘टू होस्ट’ लिहिलेलं आहे. एसपीडी-२० चं नेमकं उलटं: त्याला गोल मिडी सॉकेटं आहेत, यूएसबी नाही. म्हणजे ही दोन वाद्यं एकमेकांना थेट जोडताच येणार नाहीत. यूएसबीत एक बाजू यजमान असावी लागते आणि दुसरी पाहुणी. ‘टू होस्ट’चा अर्थच असा, की हा कीबोर्ड पाहुणा आहे आणि समोर यजमान म्हणून कॉम्प्युटर हवा. कीबोर्डवरचं दुसरं, चपटं ‘टू डिव्हाइस’ सॉकेट पाहून मोह होतो, पण ते पेन ड्राइव्हसाठी आहे; तिथे पॅड ऐकू येत नाही. तेव्हा तुमच्या जोडणीत लॅपटॉप मध्ये बसणारच: पॅडकडून यूएसबी-मिडी केबल लॅपटॉपला आणि लॅपटॉपकडून प्रिंटरवाली केबल कीबोर्डला. लॅपटॉप नकोच असेल तर यूएसबी मिडी होस्ट नावाच्या छोट्या पेट्या मिळतात, त्या तेवढंच यजमानपद करतात.

हे सगळं कीबोर्डच्या पुस्तिकेत पहिल्या काही पानांतच, सॉकेटांच्या चित्राशेजारी लिहिलेलं असतं. व्हिडिओवाला त्याच्या मॉडेलबद्दल बोलत असतो आणि आपण आपल्या मॉडेलवर ते करून बघतो. सोलापुरात ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळं आणि पूर्व भागातल्या तेलुगू लग्नांत वाजवणाऱ्यांचे कीबोर्ड मी जोडून देतो. बिघाड म्हणून माझ्याकडे आलेल्या वाद्यांपैकी कितीतरी बिघडलेली नसतातच. कुणीतरी शेजारच्या मॉडेलची पुस्तिका वाचलेली असते, किंवा बरोबर मॉडेलची असली तरी चुकीचं पान.

म्हणून पहिलं काम: वाद्य उलटं करा आणि खालच्या पट्टीवरचं पूर्ण नाव अक्षर न अक्षर उतरवून घ्या. समोरच्या पॅनलवरचं नाव पुरेसं नसतं. पीएसआर-आय आणि पीएसआर-ई ही वेगळी घराणी आहेत. ‘आय’वाली आपल्याकडच्या बाजारासाठी, भारतीय आवाज आणि ताल घालून केलेली. बटणं सारखी दिसतात म्हणून ‘ई’ची आवाजांची यादी ‘आय’ला लावली, की बासरी मागितली तर भलतंच काहीतरी वाजतं. शोधतानाही हेच पूर्ण नाव रोमन लिपीत टाका. नुसतं ‘ऑक्टोपॅड’ टाकलंत तर दहा वेगवेगळ्या पॅडांचा ढीग समोर येतो.

मग थेट कंपनीच्या साइटवर जा. यामाहाकडे पुस्तिकांचा स्वतंत्र विभाग आहे. रोलँड, कॉर्ग आणि कॅसिओ यांच्याकडे सपोर्टच्या पानावर मॉडेल निवडलं की यादी उघडते. बंद झालेल्या मॉडेलांच्या पुस्तिकाही बहुतेक वेळा तिथेच असतात. पैसे लागत नाहीत. शोधाच्या निकालात वर येणाऱ्या ज्या साइट पुस्तिकेसाठी कार्डाचा नंबर मागतात, किंवा पीडीएफऐवजी चालवायची फाइल उतरवायला लावतात, त्यांच्याकडे बघूही नका. कंपनीने पान काढून टाकलं असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या प्रतींत ते पुष्कळदा सापडतं.

आता बहुतेक जण इथेच चुकतात. एका वाद्याची एकच पुस्तिका असते असं आपण धरून चालतो. यामाहाच्या या घराण्यातल्या वाद्यांना ओनर्स मॅन्युअल वेगळं, रेफरन्स मॅन्युअल वेगळं, मिडी रेफरन्स वेगळा आणि कॉम्प्युटरला जोडण्याबद्दलचा कागद आणखी वेगळा असतो. खोक्यात छापील येतं ते फक्त पहिलं. रोलँडच्या जुन्या वाद्यांत मिडीची माहिती ओनर्स मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर असते. नव्यांत ती बऱ्याचदा ‘मिडी इम्प्लिमेंटेशन’ नावाच्या स्वतंत्र पीडीएफमध्ये जाते. तेव्हा मॉडेलच्या पानावर जे जे आहे ते सगळं उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा. कशाला काय म्हणायचं हे नंतर कळतं.

या सगळ्यात एकच पान वाचायला वेळ असेल, तर मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट वाचा. चार रकान्यांचा तक्ता असतो: काम, पाठवतो का, ऐकतो का, शेरा. गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नाही. दिसायला रुक्ष आहे, पण दोन वाद्यांचं जमणार की नाही हे फक्त तोच सांगतो. पाठवणाऱ्या वाद्याचा ‘पाठवतो’ रकाना आणि ऐकणाऱ्याचा ‘ऐकतो’ रकाना शेजारी शेजारी धरा. ज्या ओळीत दोन्हीकडे गोल आहे, तेवढंच काम होणार. एकीकडे फुली असेल तर कितीही महाग केबल आणा, ते जाणार नाही.

चार्टचा साचा सगळ्या कंपन्यांत एकच आहे, हा त्याचा मोठा गुण. मिडी हा प्रकारच आपसातल्या समजुतीतून जन्माला आला. सिक्वेन्शियल सर्किट्स या अमेरिकन सिंथेसायझर कंपनीचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका केबलने बोलताना लोकांनी पाहिली. त्याच वर्षी मिडी १.० चं लेखी मानक आलं. तक्त्यातल्या ओळींचा क्रम सगळीकडे सारखाच असल्यामुळे फक्त जपानी किंवा जर्मन पुस्तिका हाती लागली तरी चार्ट वाचता येतो. गोल, फुली आणि आकड्यांना भाषा लागत नाही. इंग्रजीला बिचकणाऱ्या आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांना मी हेच पान आधी दाखवतो.

तुमच्या कामासाठी पॅडच्या चार्टमध्ये आधी ‘बेसिक चॅनल’ पाहा. मिडीत १६ चॅनल, म्हणजे एकाच तारेवरच्या १६ वेगळ्या वाटा, असतात आणि पॅड कोणत्या चॅनलवर बोलतो हे ठरवता येतं. जनरल मिडी या १९९१ च्या ठरावानुसार तालवाद्यांसाठी १० वा चॅनल राखलेला आहे. तुमचा कीबोर्ड बाहेरून आलेले संदेश याच पद्धतीने घेतो: १० वर आलं की ड्रम किट, बाकी चॅनलवर आलं की सूर. पॅड १ वर पाठवत राहिला तर तुम्ही माराल चाट आणि वाजेल पियानोची खर्जातली पट्टी. हे ऐकून कीबोर्ड खराब झाला असं समजणारे मला भेटलेत.

मग ‘नोट नंबर’. एसपीडी-२० च्या प्रत्येक पॅडला कोणता नोट नंबर पाठवायचा ते तुम्हाला लावता येतं, आणि तो नंबर कीबोर्डच्या ड्रम किटच्या यादीतल्या ज्या आवाजासमोर असेल तो वाजेल. जनरल मिडीच्या नेहमीच्या किटमध्ये ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट, ४६ उघडी, ४९ क्रॅश. भारतीय तालवाद्यांच्या किटची मांडणी वेगळी असते, ती आय४५५ च्याच यादीत बघायची, दुसऱ्या कुठल्या नाही.

इथे एक सापळा आहे, आणि तो कोणत्याच पुस्तिकेत ठळक लिहिलेला नसतो. ६० नंबरच्या नोटला, म्हणजे पियानोच्या मधल्या सी-ला, यामाहा सी३ म्हणते आणि रोलँड सी४ म्हणते. नंबर एकच, नावं दोन. त्यामुळे रोलँडच्या कागदावरचा सी२ आणि यामाहाच्या यादीतला सी१ हे दोन्ही ३६ च आहेत. नावावरून जुळवत बसलात तर सगळा ताल एक सप्तक वर-खाली सरकतो आणि बास ड्रमच्या जागी भलतंच काहीतरी वाजतं. दोन कंपन्यांची वाद्यं जोडताना नावांकडे दुर्लक्ष करा, आकडेच जुळवा.

आकड्यांतही एक खोच आहे. आवाज बदलण्याच्या संदेशाला प्रोग्राम चेंज म्हणतात. तारेवरून प्रत्यक्ष ० ते १२७ जातात, पण यामाहाच्या याद्यांत ते १ ते १२८ असे छापलेले असतात आणि काही सॉफ्टवेअर ० पासून मोजतात. एकाने चुकतंय असं दिसलं की हेच समजा. १२८ पेक्षा जास्त आवाज असतील तर आधी बँक, म्हणजे आवाजांचा गट, निवडावी लागते. त्यासाठी कंट्रोल चेंज नावाचे दोन संदेश असतात, ० आणि ३२ नंबरचे; यादीत त्यांना एमएसबी आणि एलएसबी म्हटलेलं असतं. यामाहाच्या एक्सजी पद्धतीत (जनरल मिडीची यामाहाने वाढवलेली आवृत्ती) साध्या आवाजांची बँक ० आणि ड्रम किटची १२७ असते. क्रम बँक, बँक, प्रोग्राम असाच. बँक नंतर पाठवलीत तर पुढच्या प्रोग्राम चेंजपर्यंत काहीच होत नाही, आणि मग दोन गाण्यांनंतर अचानक भलताच आवाज लागतो. कार्यक्रमात, आमच्याकडचं हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह भरलेलं असताना, हे घडलेलं चांगलं नाही.

लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना एक पट्टी दाबली की दोन आवाज येतात, ही तक्रार तुमचीही येणारच. कीबोर्ड स्वतः वाजतो, शिवाय लॅपटॉपने परत पाठवलेला संदेश ऐकून पुन्हा वाजतो. चार्टच्या खालच्या भागात ‘लोकल ऑन-ऑफ’ची ओळ आहे, गोल असेल तर लोकल बंद करता येतं. तुमच्या जोडणीत त्याहून सोपा उपाय आहे. सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डकडे जाणाऱ्या ट्रॅकला ‘सगळी इनपुट’ देऊ नका, फक्त पॅडचं इनपुट द्या.

चार्टने भागत नाही तेव्हा मिडी असोसिएशनच्या साइटवर मूळ मानक आहे. नोंदणी केली की पीडीएफ फुकट मिळतात. सगळं वाचायची गरज नाही. संदेशांचे तक्ते तेवढे उघडा. मिडी २.० २०२० मध्ये जाहीर झालं, पण तुमच्या वाद्यांचा त्याच्याशी संबंध नाही, त्या पानांत हरवू नका. तारेचंही तिथेच मिळतं: वेग सेकंदाला ३१,२५० बिट, ५ मिलिअँपिअरचा प्रवाह पिन ४ आणि ५ मधून, शील्ड पिन २ ला, लांबी १५ मीटरच्या आत. जुन्या टेपरेकॉर्डरची पाच पिनी ऑडिओ केबल हुबेहूब अशीच दिसते, पण आत तारा उलट्यासुलट्या जोडलेल्या असू शकतात. वापरायचीच असेल तर आधी मल्टिमीटरने ४ ला ४ आणि ५ ला ५ जुळतंय ना ते बघून घ्या.

यूएसबी-मिडी केबलबद्दल दोन शब्द. ज्या गोल टोकावर ‘इन’ लिहिलंय ते साधारणपणे वाद्याच्या ‘आउट’मध्ये जातं, कारण ते लॅपटॉपच्या दृष्टीने इन आहे. काही स्वस्त केबलींवर मात्र ‘इन’ म्हणजे ‘इनमध्ये घाला’ असा अर्थ असतो. लागलं नाही तर टोकं बदलून बघा, काही जळत नाही. अगदी स्वस्त केबलींत ऑप्टोकप्लर (संदेश प्रकाशाच्या रूपात पलीकडे नेणारा छोटा भाग) गाळलेला असतो आणि लांब संदेश अर्धेच पोचतात. पॅड वाजवण्यापुरत्या त्या चालतील, पण पॅडमधले पॅच, म्हणजे लावून ठेवलेल्या आवाजांच्या मांडण्या, लॅपटॉपवर साठवून ठेवायचे असतील तर नाही चालणार.

कागद मिळालाच नाही तर? वाद्यालाच विचारायचं. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर आणि लिनक्सवर एसेकडंप असे फुकट प्रोग्राम आहेत. वाद्य जे पाठवतं ते ओळीओळीने दाखवतात. पॅडवर मारल्यावर ‘९९ २६ ६४’ आलं असं समजा. हे आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेले (हेक्साडेसिमल) आहेत. पहिल्यातला आधीचा ९ म्हणजे नोट सुरू, नंतरचा ९ म्हणजे दहावा चॅनल, कारण मोजणी शून्यापासून आहे. २६ म्हणजे आपले ३८, स्नेअर. ६४ म्हणजे १००, माराचा जोर. तो १२७ पर्यंत जातो. एकेक पॅड मारत जा आणि वहीत लिहीत जा, पाऊण चार्ट तुमचा तुम्हीच तयार केलात. पुढे जायचं असेल तर ‘एफ० ७ई ७एफ ०६ ०१ एफ७’ हा ओळख विचारणारा संदेश पाठवा. ज्या वाद्याला तो कळतो ते स्वतःची ओळख सांगतं, आणि त्यात कंपनीचा आकडा असतो: रोलँड ४१, कॉर्ग ४२, यामाहा ४३, कॅसिओ ४४. नाव खरवडून गेलेल्या सेकंडहँड वाद्याचं कूळ असं काढता येतं. सगळीच वाद्यं उत्तर देत नाहीत, विशेषतः जुनी.

लॅपटॉपला कीबोर्ड दिसतच नसेल तर मिडीच्या आधीची गोष्ट अडलीय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहा. व्हीआयडी (कंपनीचा यूएसबी नंबर) पुढे ०४९९ आलं तर यामाहा, ०५८२ रोलँड, ०९४४ कॉर्ग, ०७सीएफ कॅसिओ. आकडा दिसतोय म्हणजे केबल आणि सॉकेट ठीक आहेत, अडचण ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला ते उपकरण वापरायला शिकवणाऱ्या प्रोग्रामची. यामाहाचा यूएसबी-मिडी ड्रायव्हर यामाहाच्याच साइटवरून घ्या आणि बरोबरचा कागद वाचून तुमच्या विंडोजची आवृत्ती त्यात आहे ना ते बघा. आकडाच दिसत नसेल तर केबल बदला. रोलँडच्या बऱ्याच यूएसबीवाल्या वाद्यांत सिस्टिम मेनूत ड्रायव्हर ‘जेनेरिक’ की ‘व्हेंडर’ असा पर्याय असतो. बदलल्यावर वाद्य बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. १९९९ मध्ये यूएसबीवरच्या मिडीचं सर्वसाधारण मानक आलं. जी वाद्यं ते पाळतात त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हौशी मंडळींसाठी सांगतो: लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या खुल्या कोडमध्ये, साउंडच्या यूएसबी विभागात ‘क्वर्क्स’ नावाची यादी आहे. मानक न पाळणारी कितीतरी वाद्यं त्यात आकड्यांसकट नोंदलेली आहेत. मला कंपनीच्या कागदात न मिळालेली उत्तरं तिथे मिळालीत.

जुने, यूएसबीपूर्व यामाहा कुणाकडे असतील तर मागे ‘टू होस्ट’ नावाचं छोटं गोल आठ पिनी सॉकेट आणि शेजारी मिडी, पीसी-१, पीसी-२, मॅक असा खटका दिसेल. आताच्या लॅपटॉपला ते सॉकेट निरुपयोगी आहे. खटका ‘मिडी’वर ठेवा, नाहीतर पाच पिनी सॉकेट मुकं राहतं. हा खटका भलतीकडे सरकल्यामुळे ‘मिडी गेलं’ म्हणून वाद्य दुरुस्तीला येतं.

सर्व्हिस मॅन्युअल ही वेगळी वस्तू. त्यात सर्किटचे नकाशे आणि चाचणीची पद्धत असते, आणि कंपन्या ते सहसा आपल्या सर्व्हिस सेंटरांनाच देतात. जोडणीसाठी त्याची गरज नाही. ते शोधण्यात रात्री घालवू नका. बुलबुलतरंगवाला बेंजो, इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांना बहुतेक वेळा मिडी नसतंच. त्यांचा फक्त आवाज ऑडिओ इंटरफेसमधून (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी पेटी) लॅपटॉपमध्ये घ्यायचा, चार्ट शोधायचा नाही.

शेवटचं, मांडवातलं. घरी सगळं नीट चालतं आणि गड्ड्यावर (सोलापूरची जत्रा) किंवा मंगल कार्यालयात स्पीकरमधून ‘हूं’ सुरू होतं. पाच पिनी मिडीत संदेश ऑप्टोकप्लरमधून, प्रकाशाच्या रूपात ओलांडतो, म्हणून दोन वाद्यांचे अर्थिंग एकमेकांना भिडत नाहीत. यूएसबीत ही आड नाही. लॅपटॉपचा चार्जर, कीबोर्ड आणि साउंडवाल्याचा मिक्सर यांचा अर्थिंगमधून वळसा तयार होतो आणि तोच ऐकू येतो. लॅपटॉपमधून चार्जरची वायर काढून, बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष तिथेच. कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये ग्राउंड लिफ्टवाला डीआय बॉक्स (आवाजाच्या तारेतला अर्थिंगचा जोड तोडणारी पेटी) लावा, किंवा यूएसबीच्या तारेत तेच काम करणारा यूएसबी आयसोलेटर घ्या, किंवा लॅपटॉप चार्ज करून कार्यक्रमभर बॅटरीवर चालवा. अर्थिंगची तिसरी पिन मोडून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्याने माणसं मरतात.

या क्रमाने जाऊनही अडलात तर परत विचारताना खालच्या पट्टीवरची दोन्ही पूर्ण नावं, विंडोजची आवृत्ती, यूएसबी-मिडी केबलचा फोटो आणि पॅड मारल्यावर मिडी-ऑक्समध्ये आलेल्या ओळी एवढं पाठवा.